लकवा आल्यावर आधी स्कॅन का?

गेल्या रमजानची गोष्ट. सहेरीच्या दस्तरखानावर आमच्या चाचांच्या उजव्या हातातून पाण्याचा पेला निसटला. तोंड डावीकडे ओढले गेले, बोलणे अडखळू लागले. कोणी म्हणाले अशक्तपणा आहे, कोणी म्हणाले नजर लागली. एकीने साखरेचे पाणी आणले, एकाने कपाटातून रक्त पातळ करणारी गोळी काढली. चाचांना गिळताच येईना, म्हणून ती पोटात गेली नाही. दम झाला, मालिश झाली आणि दीड तास निघून गेला. आम्ही सारे शिकलेले लोक. पण काय करावे ते एकालाही ठाऊक नव्हते.

इस्पितळात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘‘हे शेवटचे ठीक कधी होते?’’ मग औषध न देता चाचांना थेट सीटी स्कॅनला नेले. आम्ही मनातून चिडलो. त्याचे कारण नंतर समजले, तेच आज सांगायचे आहे.

लकवा, म्हणजेच फालिज, दोन कारणांनी येतो. बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. काही वेळा ती फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र उलट. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्राव झालेल्याला दिले तर जिवावर बेतते. घरातली ती गोळीही म्हणूनच घातक ठरू शकते.

सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो आणि ताजे रक्त त्यात पांढरे दिसते. गुठळीचा लकवा असेल तर पहिल्या काही तासांत हा स्कॅन जवळपास नॉर्मल येऊ शकतो. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ ऐकून रुग्णाला घरी आणू नये. रक्तस्राव नसेल आणि बाकी काही अडचण नसेल, तर साधारण साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देता येते.

पुढे सीटी अँजिओग्राफीत शिरेतून औषध सोडून कोणती वाहिनी बंद आहे ते पाहतात. मोठी वाहिनी बंद असेल तर बारीक नळी घालून गुठळी बाहेर काढता येते. हे बहुधा ६ तासांच्या आत करतात. काही निवडक रुग्णांत, मेंदूचा किती भाग अजून वाचवता येईल हे स्कॅनवर पाहून, २४ तासांपर्यंतही. एमआरआयला वेळ जास्त लागतो. पण गुठळीमुळे झालेली इजा त्यात फार लवकर दिसते. झोपेतून उठल्यावर लकवा लक्षात आला आणि वेळच माहीत नसेल, तर तो विशेष उपयोगी. रुग्णाला पेसमेकर, मूत्रपिंडाचा विकार किंवा कशाची अॅलर्जी असेल तर आधीच सांगावे.

चाचांना गुठळीच होती. इंजेक्शन वेळेत मिळाले. आज ते काठी टेकत मशिदीत जातात, अल्हम्दुलिल्लाह. उजवा हात मात्र अजून पुरता साथ देत नाही. तो दीड तास वाचला असता तर, हा प्रश्न आम्हाला सोडत नाही.

तेव्हा तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यातले एकही अचानक दिसले की घड्याळ पाहा, १०८ला फोन करा, तोंडात काही घालू नका आणि सीटी स्कॅनची सोय असलेलेच इस्पितळ गाठा. दुआ जरूर करा. पण ती वाटेत, गाडीत बसून करा.