पायापासून सुरुवात

माय आधीपासूनच तापट. वहिनीच्या हातचं वरण तिला कधी पातळ, कधी आळणी. बाबांनाही तिनं आयुष्यभर धारेवर धरलं. त्यामुळे डिमेन्शियात ती अंगावर धावून यायला लागली, तेव्हा साकोलीतल्या नात्यागोत्यानं एकच सांगितलं, 'सोभावच तसा हाय तिचा.' ज्यांना आजार कळत होता ते म्हणाले, 'मनावर घेऊ नको, हा आजार बोलतो आहे.' दोन्ही अर्धवट. समोर दिसतं त्यातलं जुनं किती, आजारानं आणलेलं किती आणि आजच उपटलेलं किती, हे रोज पाहावं लागतं. सांभाळण्याचं निम्मं काम तेच आहे.

सगळ्यात मोठी झुंज आंघोळीची. डोक्यावर पाणी पडलं की ती किंचाळते, हात उगारते. डोळ्यांत पाणी गेलं की तिला काही दिसत नाही, आणि कुणीतरी आपल्याला नागवं करतंय एवढंच कळतं. म्हणून मी पायापासून सुरू करते. आधी न्हाणी कोरडी, गंजात कोमट पाणी, अंगावर पातळ लुगडं तसंच. म्हणते, 'माय, बांधीतून आलीस, पाय धू.' आयुष्य धानाच्या रोवणीत गेलेली बाई. चिखलाचे पाय धुणं तिच्या अंगात मुरलेलं. लोटा तिच्याच हातात देते. ती पाय पुढे करते, टाचेला दगड घासते, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवते. तिथे चिखल नसतो, पण ती नीट काढते. त्या तंद्रीत मी पोटऱ्या, पाठ, मान उरकते. केसांचा दिवस वेगळा. दोन्ही एकत्र केलं की सगळं बिघडतं.

चोरीचा आळ रोजचाच. 'माझी पोत कुठं नेली?' 'तूच ठेवलीस' हे उत्तर खरं असलं तरी निरुपयोगी, कारण ठेवल्याची आठवणच पुसली गेली आहे. पोत दिसत नाही, म्हणजे कुणीतरी नेली, असा तिचा हिशेब, आणि तिच्या जागी बसून पाहिलं तर तो सरळ आहे. 'चल, शोधू' म्हणते. तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देवघरामागचा कोनाडा. सापडली की तिलाच सापडू देते. मात्र 'तुझ्या सासरच्यांनी नेली' हे ती धडधाकट असतानाही म्हणायची. ते माझ्या मनाला लागायचं, अजून लागतं, आणि ते आजाराच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायला मी तयार नाही.

पहिल्या डॉक्टरांनी 'वय झालं' म्हणून परत पाठवलं होतं. मेंदूच्या डॉक्टरांसाठी नागपूर गाठावं लागलं, शंभरेक किलोमीटर. तिथे बी-१२ आणि थायरॉइड आधी तपासले, कारण त्यांच्या कमतरतेनंही विसर पडतो आणि तो औषधानं सुधारू शकतो. मग प्रश्न: आज तारीख कोणती, साल कोणतं? मायला तारीख कधीच ठाऊक नव्हती. तिचं कॅलेंडर मृग लागला, पऱ्हे टाकले, रोवणी झाली, असं चालायचं. निरक्षरांना पुस्तकी प्रश्न लागू पडत नाहीत म्हणून १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागात वेगळी हिंदी चाचणी तयार झाली होती. घरी मला खरी खूण आधीच मिळाली होती. ऐन उन्हाळ्यात, बांधी फुटलेल्या ढेकळांनी भरलेली असताना, ती रोवणीच्या मजूरबाया शोधत होती.

आजच उपटलेलं ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. एकदा दोन दिवसांत ती पार पालटली: रात्रभर जागी, मेलेल्या बहिणीशी बोलणं, दुपारी गुंगी. घरच्यांना वाटलं, आजार वाढला. निघाला लघवीचा जंतुसंसर्ग. म्हाताऱ्या माणसांत ताप न येताही तो असा डोक्यात उतरतो. औषध पोटात गेलं आणि माय हळूहळू आपल्या नेहमीच्या भांडणावर आली. बदल एकाएकी आला की डिमेन्शियाला दोष देत बसू नये, लघवी, बद्धकोष्ठ, दुखणं, नवी गोळी हे आधी पाहावं.

दिवस कलला की 'मले घरी जाचं हाय' सुरू होतं. घर म्हणजे चुलबंद नदीपलीकडचं माहेर. दाराला कुलूप लावलं तर ती दार बडवते. उघडं ठेवलं तर समोर राष्ट्रीय महामार्ग ५३, नागपूर-रायपूरचे ट्रक. म्हणून दोघी मिळून निघतो, महामार्गाकडे पाठ करून, सेंदुरवाफ्याच्या आतल्या गल्लीनं. माहेरी कोण कोण आहे, विचारत जाते. पाय दमले की तीच म्हणते, 'चाल, अंधार पडून राह्यला.'

२०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना हा आजार आहे, म्हणजे ८८ लाख माणसं. बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. आशाताई घरोघर आरोग्य-तपासणीचा जो 'सीबॅक' फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहेच: जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? आमच्या आशाताईंनी 'हो'वर खूण केली. पुढे काय, ते फॉर्मवर नाही. संध्याकाळी चार ते आठ घरी येऊन बसणारं, पाय कसे धुवायचे हे शिकलेलं एक माणूस साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या यादीवर असावं. पगार सरकारनं द्यावा. मला मायची सुटका नको आहे, ते चार तास हवे आहेत.