शेजाऱ्यांशी शर्यत

दक्षिण आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा 1997 साली मुंबईत सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती कोलंबोत भरली, मग 2008 साली कोचीत आणि त्यानंतर थेट 2025च्या ऑक्टोबरात रांचीत. म्हणजे 28 वर्षांत जेमतेम 4 वेळा. एवढ्या काळात भाऊबंदकीने फाटलेली घरंसुद्धा लग्नकार्याच्या निमित्ताने याहून जास्त वेळा एका मांडवात बसतात. रांचीत भारताने 20 सुवर्णांसह 58 पदकं मिळवली, आणि हाच आकडा ही स्पर्धा निरुपयोगी असल्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. घरच्या घरी वाटून घेतलेल्या पदकांना काय किंमत, असा सवाल आपल्याकडचे काही क्रीडापंडित टाकतात. त्याच पदकतक्त्याची दुसरी ओळ मात्र ते वाचत नाहीत. श्रीलंकेने 16 सुवर्णं नेली. आपल्या एखाद्या राज्याएवढ्या लोकसंख्येचा देश 4 सुवर्णांच्या अंतरावर येऊन थांबतो, तिथे एकतर्फीपणा कुठे दिसला, हे त्यांनीच सांगावं.

भालाफेकीचा दाखला घ्या. 2016च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत नीरज चोप्राने 82.23 मीटरवर सुवर्ण घेतलं आणि पाकिस्तानच्या अर्शद नदीमने 78.33 मीटरवर कांस्य. दोघंही तेव्हा विशीच्या आतले होते. 2019 साली काठमांडूत, त्याच स्पर्धेत, नदीमने 86.29 मीटर फेकून टोकियो ऑलिंपिकचं तिकीट मिळवलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पण 2025च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी पाहा: 12 जणांत 4 आपल्या उपखंडातले. सचिन यादव, नीरज, नदीम आणि श्रीलंकेचा रुमेश तरंगा. ज्या गल्लीतून असे चार जण निघतात तिला किरकोळ म्हणायला धाडस लागतं. काठमांडूत 2.21 मीटर उंच उडी मारून सुवर्ण घेणारा नाशिक जिल्ह्याचा सर्वेश कुशारे त्याच टोकियोत 2.28 मीटर पार करून सहावा आला. पहिली पायरी खालची असते म्हणून ती काढून टाकायची नसते.

माझा खरा जीव लांब पल्ल्याच्या शर्यतींत आहे आणि महाराष्ट्राचाही असायला हवा. सावरपाड्याची कविता राऊत, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, आष्टीतल्या मांडव्याचा अविनाश साबळे ही माणसं आदिवासी पाड्यांतून आणि दुष्काळी तालुक्यांतून आली. त्यांच्या दमाबद्दल प्रश्न नव्हताच. प्रश्न असतो तो शर्यत लढण्याचा. देशात बहुतेकदा एकच जण पहिल्या फेरीपासून पुढे पळतो, बाकीचे मागे रांगेत, आणि घड्याळ हाच प्रतिस्पर्धी. मोठ्या स्पर्धेत वेग मुद्दाम पाडला जातो, आतल्या कडेला कोंडलं जातं, कोपर लागतं आणि घंटा वाजली की सगळं बदलतं. 2010च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 10,000 मीटरच्या 25 फेऱ्यांनंतर प्रीजा श्रीधरन आणि कविता यांच्यात एक सेकंदही नव्हता: 31:50.47 आणि 31:51.44. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे केनियाच्या किबिवॉटमागे 0.05 सेकंदाने राहिला, तोही ज्या स्टीपलचेस शर्यतीत 1998पासून केनियाने तिसरी जागासुद्धा कुणाला दिली नव्हती. एवढासा फरक फुप्फुसांचा नसतो. शेवटच्या पाण्याच्या अडथळ्यानंतर कुणाच्या खांद्याआडून कधी बाहेर पडायचं, याचा असतो. आणि ते अनोळखी माणसांशी वरचेवर पळूनच अंगात मुरतं.

यावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे. गुवाहाटीत कविताने मॅरेथॉन 2:38:38 मध्ये जिंकून रिओची पात्रता मिळवली, तेव्हा दुसरी आलेली श्रीलंकेची धावपटू बारा मिनिटांहून मागे होती. त्या दिवशी तिला लढायला कुणी नव्हतंच. मान्य. पण हा स्पर्धा अधूनमधून भरवण्याचा परिणाम आहे, ती बंद ठेवण्याचं कारण नव्हे. दहा-दहा वर्षं स्पर्धाच नसेल तर शेजाऱ्याने धावपटू घडवायचे कशासाठी? 1985 आणि 1987 साली दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत बांगलादेशाच्या शाह आलमने 100 मीटर जिंकून दाखवलं होतं. ही माणसं नियमित शर्यतींतून येतात.

राजकारणाचं काय, हा प्रश्न दर वेळी येतो. रांचीत सहाच देश आले, पाकिस्तान नव्हता. 2013ची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा खरं तर चेन्नईत व्हायची होती. श्रीलंकेचे खेळाडू नकोत, असं तमिळनाडू सरकारने म्हटल्यावर ती पुण्याच्या बालेवाडीत आली. त्याच चेन्नईने 2024 साली दक्षिण आशियाई कुमार स्पर्धा भरवली आणि श्रीलंकेची मुलं तिथे धावली. तापलेलं वातावरण निवतं, पण तोवर स्पर्धेची तारीख टिकायला हवी.

राहिला खर्च. 1994च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी उभं राहिलेलं, 2008च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धेत वापरलेलं बालेवाडीचं संकुल तयारच आहे. 2013 साली आयत्या वेळी चाळीसच्या आसपास देशांची सोय तिथे झाली. तेव्हा यजमान भारताला 2 सुवर्णं मिळाली: विकास गौडाची थाळी आणि महिलांची 4 गुणिले 400 रिले. चीनला 16. अशा आशियाई स्पर्धेत थेट उतरून नवख्याच्या हाती काय लागणार? सहा-आठ देशांची स्पर्धा दर दोन वर्षांनी घ्यायला पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या दोन-चार कारखान्यांचा सामाजिक निधी पुरेल. पण आज संकुलाचं नाव निघालं की लोकांना कबड्डीची लीग आणि टेनिस आठवतं, आणि वर्तमानपत्रांत 10,000 मीटरचा निकाल क्रिकेटच्या सराव सामन्याखाली दीड ओळीत येतो. पुढची स्पर्धा डिसेंबरात बालेवाडीला मागा. महिलांची 10,000 मीटर शर्यत संध्याकाळी सहाला ठेवा, पहिल्या शिफ्टची माणसं मोकळी झालेली असतात, आणि गॅलरी फुकट सोडा.