होडीचा कल काढायचा कसा?

बैलगाडी भरणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. ओझे पुढे जास्त झाले तर गाडी धुरजड होते, बैलांच्या माना दबतात. मागे जास्त झाले तर ती उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. म्हणून गाडी भरताना आपण दोन पावले मागे सरून एकदा नजर टाकतो, चार पेंढ्या इकडच्या तिकडे करतो आणि मगच निघतो. पण हाच माणूस खाडीवर गेला, की होडीत मात्र जागा दिसेल तिथे गोणी टाकतो. गाडीला निदान जमिनीचा आधार असतो. होडीला तोही नाही.

किनारपट्टीच्या गावांत शेतकरी वेगळा आणि होडीवाला वेगळा, असे फारसे नसते. ज्याची जमीन खाडीपलीकडे आहे त्याला खत न्यायचे असते, पेंढा आणि नारळ आणायचे असतात. पूल झाले, इंजिने आली, शिडे कमी झाली. तरी उलांडीची लहान होडी आणि तिच्यावर एखादे शीड अजून दिसते. इंजिनवाल्यांनीही हे वाचावे, कारण पाणी दोघांना सारखेच वागवते.

काही वर्षांपूर्वी एका खाडीकाठच्या गावी मी पलीकडे जाण्यासाठी बसलो होतो. होडी धक्क्याला लागलेली, शीड उतरवलेले, पण उजव्या अंगाला चांगली चार बोटे कललेली. तांडेलाचा पुतण्या तरणा गडी. त्याने डाव्या अंगाला टाकण्यासाठी दगड उचलायला सुरुवातसुद्धा केली. म्हातारा तांडेल विडी विझवत म्हणाला, "रे, आधी पाणी काढ. मगे दगडांचा बघूया." तळाच्या फळ्या उचलल्या तर खाली घोटाभर पाणी साचलेले. ते उपसले, उजवीकडे पडलेले ओले जाळे मधे ओढले आणि होडी सरळ झाली. दगड धक्क्यावरच राहिले.

घोटाभर पाणी म्हणजे किती, याचा हिशेब आपणच करून पाहा. तळ तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पाणी दहा सेंटिमीटर धरले तर ते ३०० लिटर झाले. म्हणजे ३०० किलो, पाच धडधाकट माणसांचे वजन! आणि ही पाच माणसे शहाणी नाहीत. होडी उजवीकडे झुकली की पाचही उजवीकडे धावतात, डावीकडे झुकली की डावीकडे. गोणी जिथे ठेवाल तिथे राहते. साचलेले पाणी नेहमी पडत्या बाजूलाच भर घालते. तेव्हा कल दिसला की पहिला हात दगडाला नको, पाणी उपसण्याच्या डब्याला घाला.

पाणी काढूनही होडी कलती राहिली तर कारण शोधावे लागते. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा पुरेसा आहे. वारा पडलेला असताना, शीड उतरवून, माणसे आणि माल खाली काढून होडी संथ पाण्यात उभी करा आणि डोलकाठीच्या मधोमध ओळंबा सोडा. मात्र काठी मुळात होडीत सरळ बसवलेली आहे ना, तेवढे आधी पाहून घ्या. रिकामी होडी सरळ असेल तर दोष आपल्या भरण्यात आहे. रिकामीही कलत असेल तर दोष होडीत आहे. एका बाजूच्या फळ्या पाणी पिऊन जड झाल्या असतील, डागडुजी करताना एकाच अंगाला जाड लाकूड बसले असेल, किंवा उलांडी भिजून जड झाली असेल. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची उलांडी पाणी प्यायली की तिचा हलकेपणाच जातो, आणि त्याच गुणासाठी तर ती लावलेली असते.

दोष भरण्यात असेल तर हिशेब तराजूचा आहे. वजन किती, एवढेच पाहून भागत नाही. ते मधल्या रेषेपासून किती लांब आहे तेही पाहावे लागते. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून ४५ किलोची झाली. ती मधल्या रेषेपासून एक मीटरवर ठेवली, तर दुसऱ्या अंगाला अर्ध्या मीटरवर तशा दोन गोण्या ठेवाव्या लागतील. यातली खुबी अशी, की नवे वजन चढवण्यापेक्षा असलेले सरकवणे केव्हाही बरे. उजवीकडची गोणी तेवढ्याच अंतरावर डावीकडे नेली की उजवीकडचे ओझे कमी झाले आणि डावीकडचे वाढले, म्हणजे दुप्पट काम झाले. होडी पाण्यात बोटभरही जास्त बसली नाही. नवा दगड टाकलात तर कल जाईल, पण पाण्यावर उरलेली कड तेवढी कमी होईल. आणि भरतीच्या लाटेत जीव वाचवते ती हीच कड.

वाऱ्याने येणारा कल वेगळा. शीड भरले की होडी वाऱ्यापासून दूर झुकणारच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. माणसांनी वाऱ्याच्या बाजूला सरकून बसायचे, जोर वाढला तर शिडाची दोरी सैल सोडायची आणि तरीही भागले नाही तर शीड उतरवायचे. उलांडीच्या होडीत थोडे जास्त लक्ष लागते. उलांडी एकाच अंगाला असते, होडी मात्र दोन्ही दिशांना जाते. उलांडी वाऱ्याच्या बाजूला असली तर तिचे वजन होडीला आवरते. विरुद्ध बाजूला आली तर ती पाण्यावर तरंगून टेकू देते. पण जोराच्या झुळकीने पाण्याखाली दाबली गेली की टेकू गेलाच म्हणून समजा. आणखी एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. सगळे वाऱ्याच्या बाजूला बसलेले असताना वारा एकदम पडला, तर होडी त्यांच्याच अंगावर उलटू शकते. वारा सुटला म्हणून जसे सरकलात तसे तो पडल्यावर परत मधे या.

आता सर्वांत फसवा प्रकार. काही होड्या आज डावीकडे पडलेल्या असतात, कोणी चढला की हळूच उजवीकडे पडतात. मधे म्हणून थांबत नाहीत. पेंढा उंच रचलेली होडी अशी वागते. इथे दोष डाव्या-उजव्याचा नाहीच, ओझे फार वर गेले आहे. अशा वेळी उंच झालेल्या बाजूला वजन टाकणे म्हणजे संकटाला बोलावणे. होडी सरळ न होता झपकन त्या बाजूला कोसळते. इथे वरचे ओझे उतरवून खाली, तळाशी, मधोमध आणणे हाच उपाय आहे. जुने मच्छवे रिकामे निघाले की तळाशी दगडांचे नीरम भरत, ते यासाठीच. तेही घट्ट बसवलेले असे. सुटे नीरम पाण्यासारखेच धावते.

याचा मोठा दाखला आपल्याकडचा नाही, स्वीडन देशातला आहे. त्यांच्या राजाने 'वासा' नावाचे शिडाचे लढाऊ जहाज बांधून घेतले. तोफांचे दोन मजले, त्यावर कोरीवकाम. निघण्याआधी कस लावण्यासाठी ३० माणसांना जहाजावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवले. तीन फेऱ्यांतच जहाज इतके डोलू लागले, की आता उलटेल म्हणून चाचणी थांबवली गेली. एवढे दिसूनही १० ऑगस्ट १६२८ रोजी ते स्टॉकहोम बंदरातून निघालेच. जेमतेम सव्वा किलोमीटर गेले असेल, वाऱ्याच्या एका झोताने कलले, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरले आणि बुडाले. तळाशी सुमारे १२० टन दगड होते. आणखी टाकले असते तर खालचे झरोके पाण्याला टेकले असते! म्हणजे चूक दगडांनी सुधारण्यापलीकडे गेली होती. १९६१ मध्ये ते वर काढले आणि आज तिथल्या संग्रहालयात उभे आहे.

आपल्या किनाऱ्याला 'रामदास' विसरता येणार नाही. ती आगबोट होती, शिडाची नव्हे, पण वजनाचा कायदा तोच. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना लाटेने ती कलली, घाबरलेले उतारू एका अंगाला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. माणूस हे होडीतले सर्वांत चंचल ओझे आहे, आणि नेमके नको त्या क्षणी ते हलते.

म्हणून सरपंच आणि पोलीस पाटील मंडळींना एक विनंती. जत्रेच्या आणि बाजाराच्या दिवशी धक्क्यावर जरा उभे राहावे. होडीची परवानगी किती उतारूंची आहे ते मोठ्या अक्षरांत, चढण्याच्या जागीच लिहिलेले असावे. कार्यालयातल्या कागदावर असून उपयोग नाही. लोकांनी एकेकाने, मधल्या भागात पाय देऊन चढावे आणि बसून राहावे. मोटारसायकल न्यायचीच असेल तर ती तळाशी, मधे, दोरीने बांधून न्यावी; स्टँडवर उभी करून तिला हाताने धरणारे लोक मी पाहिले आहेत. आणि तांडेलाने "आता पुरे" म्हटल्यावर "माझा एकटाच आहे हो" म्हणून कोणासाठी रदबदली करू नये. असे एकटेच दहा-बारा होतात.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेनंतर त्या पाण्यात लोटल्या, की फळ्या फुगून सांधे बसायला काही दिवस द्या आणि मग एका सकाळी, वारा उठण्याआधी, ओळंबा लावून पाहा. ओळंबा नसेल तर हातभर दोरी आणि नदीतला एक गोटाही चालतो.