पियानोवर बोट कोठे चुकते?

नाताळच्या रात्रीची मिस्सा चालू आहे. गायकवृंद उभा आहे. वाद्यावर बसलेल्या मुलीने सुरुवात छान केली. पण तिसऱ्या ओळीत बोट घसरले. घरी गेल्यावर आई म्हणते, "घरी तर बरोबर येत होतं गं!" आमचे म्हणणे असे की, घरीही ते येत नव्हते.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना मराठीतून होऊ लागली. तेव्हापासून पापडी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या बाजूला मराठी भक्तिगीतांना साथ करणाऱ्या बोटांची गरज वाढली. पियानो थोड्यांच्या घरी, की-बोर्ड पुष्कळांच्या. दाब निराळा असला तरी पट्ट्यांची मांडणी एकच, सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. चुकाही त्याच.

घरी आपण करतो काय? पहिल्यापासून सुरू करतो, तिसऱ्या ओळीत अडखळतो, बरोबर पट्टी शोधून दाबतो आणि पुढे जातो. फारच राग आला तर पुन्हा पहिल्यापासून. अशा दहा आवर्तनांत सोपी पहिली ओळ दहा वेळा घोटली जाते, अवघड जागा मात्र दहा वेळा चुकते. हाताला बरे-वाईट कळत नाही, त्याला केवळ क्रम कळतो. चुकणे, थांबणे, सुधारणे हा क्रम त्याला दिला की तोच तो इमानाने पाठ करतो.

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात पियानोच्या सतरा विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या एका रचनेतील छोटासा तुकडा बसविण्यास दिला होता. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या दिवशी ज्यांनी तो उत्तम वाजविला, त्यांनी आदल्या दिवशी अधिक वेळ घालविला होता असे नाही. आरंभी तेही चुकत होते. पण चूक होताच तिची नेमकी जागा शोधून, लय उतरवून, ती जागा स्थिर होईपर्यंत ते तेथून हलले नाहीत.

आता ही 'नेमकी जागा' म्हणजे कोणती, हे नीट पाहिले पाहिजे. पांढरी एकचा सा धरून उजव्या हाताने सरळ सप्तक वाजवून पाहा. अंगठा, तर्जनी, मध्यमा यांनी सा, रे, ग झाले. आता अंगठा खालून सरकवून मध्यमावर आणावयाचा, म्हणजे उरलेल्या पाच स्वरांना पाच बोटे पुरतात. कोणी घाईत म वर अनामिका ठेवतो, प वर करंगळी, आणि ध शी बोटेच संपतात! मग हात उडी मारतो. ऐकणारा म्हणतो, ध चुकला. खरे म्हणजे दोन स्वर आधी, म वर, चूक होऊन गेलेली असते. ध ने फक्त ती उघडी केली. अशा वेळी ध शंभरदा ठोकून काय होणार?

म्हणून चुकलेल्या स्वराच्या मागे जावे. कोणते बोट कोठे, हे पेन्सिलीने कागदावर मांडावे आणि रोज तेच बोट वापरावे. आज हे, उद्या ते, असे चालत नाही. तेवढाच तुकडा, मागचे दोन-चार स्वर आणि पुढचा एक घेऊन, इतक्या विलंबित लयीत वाजवावा की चुकणेच अवघड व्हावे. याची लाज वाटून घेऊ नये. रॅखमानिनॉव्हसारखा जगन्मान्य वादक सराव करताना शोपँची एक रचना इतकी सावकाश वाजवीत होता की, बाहेर उभ्या असलेल्या चासिन्स या पियानोवादकाला ती प्रथम ओळखूच आली नाही. आमची मुले मात्र पहिल्याच दिवशी दुगुणीत! तुकडा बसला की तो मागच्या-पुढच्या ओळींना जोडावा, लय थोडीथोडी वाढवावी, आणि दुसऱ्या दिवशी बोटे गरम होण्यापूर्वी पहिल्याच प्रयत्नात काय येते ते पाहावे. परीक्षा तीच, कारण मिस्सेतही पहिलाच प्रयत्न असतो.

एवढे झाले तरी एक निराळा सराव उरतो. चूक दुरुस्त करण्यासाठी थांबावे लागते. साथीला थांबता येत नाही. तेव्हा शेवटच्या आठवड्यात घरच्या कोणाला तरी गावयास बसवावे आणि काहीही चुकले तरी मागे न जाता गाणाऱ्याचा पुढचा शब्द गाठावा. चुकलेल्या जागेवर मनातल्या मनात खूण करावी. पेन्सिल हातात घ्यावयाची ती गाणे संपल्यावर.