विमानाचा वेग अडतो कुठं?

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, पासबुकं वाटली, तेवढ्यात वरून विमान गेलं. एका ताईंच्या बारावीतल्या लेकीनं विचारलं, "मॅडम, आवाजापेक्षा जोरात जाणारी विमानं असतात ना? मग मोठं इंजिन लावलं की आणखी पळतील. अडतं कुठं?"

मी बीए झालेली, विज्ञानाची नाही. मला वाटायचं, ताकद कमी पडत असेल. वाचल्यावर कळलं, खरी अडचण उष्णतेची.

सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून हाताला चटकतो. आपण म्हणतो, घासून तापला. पण जास्त करून दाबलेली हवाच तापलेली असते. आवाजापेक्षा वेगानं जाणाऱ्या विमानापुढच्या हवेला बाजूला सरायला सवडच मिळत नाही. ती नाकापुढं दाबली जाते, तापते. वेग दुप्पट केला, तर तापमानातली वाढ जवळजवळ चौपट!

ब्रिटन-फ्रान्सचं काँकॉर्ड १९७६ ते २००३ प्रवासी नेत होतं. ताशी सुमारे २,१५० किलोमीटर. लंडन ते न्यूयॉर्क साडेतीन तासांत. एवढ्या उंचीवर बाहेर उणे पन्नासच्याही खाली गारठा, तरी नाक १२७ अंशांपर्यंत तापायचं. आपल्या भाताच्या आधणापेक्षा जास्त! अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. फार तापलं तर त्याची ताकद जाते. चाचण्यांत ते याहून जोरात उडालं होतं, पण रोजच्या फेऱ्यांना वेग आवरावा लागे.

मग धातूच बदलावा? अमेरिकेनं तेच केलं. त्यांचं एसआर-७१ हे टेहळणी विमान बहुतेक टायटॅनियमचं. ते ताशी साडेतीन हजार किलोमीटर गाठायचं. तिथं अडलं इंजिनाशी. आत येणारी हवा इंजिनाला मंद लागते, आणि मंदावताना ती पुन्हा दाबून तापते. इंजिनाच्या तोंडाशी ४२७ अंश ही हद्द ठरलेली. आधीच इतकी तापलेली हवा इंधन जाळून आणखी तापवायची, तर आतली पाती किती सोसणार?

एक गंमत राहिली. तापून काँकॉर्ड वीतभर लांब व्हायचं, आणि उडताना वैमानिकांच्या खोलीत एक फट पडायची. निवृत्तीच्या उड्डाणात काही इंजिनिअरांनी त्या फटीत आपली टोपी सारली. विमान गार झालं, फट मिटली आणि टोपी आत अडकली ती कायमची.