पहिलं पान कुणाचं?

मोबाइलवर ब्राउझर उघडला की सगळ्यांत आधी जे पान समोर येतं, त्याविषयी आज थोडं बोलणार आहे. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं दाखवणारं ॲप. कुणाच्या फोनवर ते क्रोम असेल, कुणाच्या फायरफॉक्स, आयफोनवाल्यांकडे सफारी. मराठीत त्याला ‘न्याहाळक’ असा छान शब्द आहे, पण मोबाइलच्या दुकानात जाऊन न्याहाळक मागितला तर दुकानदार आपल्यालाच न्याहाळत बसेल. तेव्हा आपण ब्राउझरच म्हणू.

हे पहिलं पान आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की ते बदलता येतं हेच पुष्कळांच्या गावी नसतं. वर शोधाची चौकट, तिच्याखाली संकेतस्थळांची बारकी चित्रं आणि त्याखाली संपता संपत नाहीत अशा बातम्या. आपण उघडतो ते विजेचं बिल भरायला. बोट जरासं खाली सरकतं, एक मथळा नजरेत भरतो, मग दुसरा. अर्ध्या तासानं फोन खाली ठेवताना आठवतं, की बिल राहिलंच.

‘होम पेज’ हा शब्द आज आपण एखाद्या संकेतस्थळाच्या दर्शनी पानासाठी वापरतो. पण मुळात त्याचा अर्थ होता, ब्राउझर सुरू केल्यावर येणारं आपलं पान. टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हापासूनची ही कल्पना आहे. आपल्या उपयोगाचे दुवे एका जागी ठेवायचे आणि तिथून बाहेर पडायचं. घरच ते, म्हणून होम.

मोबाइलवर या पानाची खरी गरज भासली ती बटणांच्या फोनच्या काळात. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना आठवेल, इंग्रजी ‘एस’ उमटवायला 7 चं बटण चार वेळा दाबावं लागे. ‘डब्ल्यू’ एकाच दाबात येई, पण पत्त्याच्या सुरुवातीला तीन डब्ल्यू एकाच बटणावर, म्हणून प्रत्येकानंतर क्षणभर थांबायचं. एक पत्ता टाइप करेपर्यंत चहा निवून जाई. नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीनं 2006 च्या जानेवारीत ऑपेरा मिनी हा ब्राउझर जगभर खुला केला. तो पान आधी स्वतःच्या यंत्रांवर आवळून लहान करी आणि मग फोनकडे पाठवी, त्यामुळे साध्या फोनवर आणि महागड्या जीपीआरएसवरही इंटरनेट परवडू लागलं. याच कंपनीनं 2007 मध्ये संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘स्पीड डायल’ आणलं. नऊ चौकोन, प्रत्येकात तुमच्या आवडीचं एक संकेतस्थळ. पुढे ते मोबाइलवरही आलं. आज सगळ्याच ब्राउझरांत दिसणाऱ्या त्या गोल किंवा चौकोनी चित्रांचं कूळ शोधत गेलात, तर वाटेत हे नऊ चौकोन लागतातच.

आता हे पान इतकं मोलाचं का, ते पाहू. अमेरिकेत गूगलवर मक्तेदारीचा खटला चालला आणि ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलविरुद्ध निकाल दिला. त्या खटल्यात एक आकडा उघड झाला. आयफोनच्या सफारीमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून बसवलेलं असावं, यासाठी गूगलनं ॲपल कंपनीला एकट्या 2022 सालात सुमारे 20 अब्ज डॉलर दिले. त्या वेळच्या दरानं दीड लाख कोटी रुपयांच्या वर! एवढी रक्कम कशासाठी? तर आपल्यापैकी बहुतेकजण समोर मांडलेली वस्तू बदलत नाहीत, या खात्रीसाठी. आपल्या आळसाला आलेला भाव आहे हा. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयानं असे करार ‘फक्त आमचंच ठेवा’ या अटीवर करायला मनाई केली, पैसे देण्यावर मात्र सरसकट बंदी घातली नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइड फोनच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला होता. त्यानंतर जानेवारी 2023 मध्ये गूगलनं भारतातल्या ग्राहकांना शोधयंत्र निवडण्याची सोय देऊ असं जाहीर केलं. मुद्दा एवढाच, की जी जागा आपण फुकटची समजतो तिच्यासाठी मोठमोठे लोक कोर्टात उभे राहतात.

बातम्यांच्या पट्टीचंही तसंच. ती सर्वांना सारखी दिसत नाही. तुम्ही काय शोधलंत, काय उघडलंत यावरून ती तुमच्यापुरती रचली जाते. एखाद्यानं गुडघेदुखीवर दोनदा शोध घेतला, की सांध्यांचे विकार, चमत्कारी तेलं आणि ‘हे पाच पदार्थ आजच सोडा’ यांची रांग लागते. माणसाला वाटतं, सगळं जग गुडघ्यांनीच बेजार झालं आहे. क्रोममध्ये ही पट्टी बंद करता येते. पट्टीच्या शीर्षकाशेजारी किंवा पानाच्या कोपऱ्यात दातेरी चाकाचं, तीन ठिपक्यांचं नाहीतर पेन्सिलीचं चिन्ह असतं. आवृत्तीप्रमाणे ते बदलतं. त्यावर बोट टेकवलं की पट्टी बंद करण्याचा पर्याय मिळतो. मात्र पट्टी दिसेनाशी झाली म्हणजे तुमच्या शोधांची नोंद थांबली असं नाही. ती नोंद गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये वेगळी बंद करावी लागते.

पण मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते त्या चित्रांबद्दल. आपल्या बँकेच्या संकेतस्थळावर तुम्ही कसे जाता? बहुतेकजण शोधाच्या चौकटीत बँकेचं नाव टाइप करतात आणि जे पहिलं येईल त्यावर बोट ठेवतात. ही सवय धोक्याची आहे. वर येणाऱ्या पहिल्या एकदोन नोंदी पुष्कळदा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. तिथे ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पण घाईत ते वाचतो कोण! भामट्यांना हे चांगलं ठाऊक आहे. बँकेचं, गॅस एजन्सीचं, कुरियरचं खोटं पान तयार करायचं, त्यावर ग्राहक सेवेचा म्हणून स्वतःचा नंबर टाकायचा आणि वाट पाहत बसायचं. फोन आपण करतो, त्यामुळे संशयही येत नाही. मग पलीकडचा माणूस एखादं ॲप डाउनलोड करायला सांगतो, ओटीपी विचारतो आणि खातं रिकामं होतं. असं घडलंच तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करावा. सायबर आर्थिक गुन्ह्यांसाठीची ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त.

हा शोधाचा रस्ताच टाळायचा असेल तर बँकेचा पत्ता एकदाच नीट पाहून पहिल्या पानावर कायमचा बसवावा. पत्ता घ्यायचा पासबुकावरून, बँकेच्या पत्रावरून किंवा शाखेत विचारून. मेसेजमधून आलेला दुवा वापरायचा नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यांवर जायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो, म्हणून ओळख पटवायला तो फार सोयीचा. फक्त तो शेवटी आहे ना, हे पाहायला हवं. पत्त्याच्या सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या, त्यानंतर जी पहिली तिरपी रेघ येईल तिच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. खरा मालक तिथे असतो. ‘अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट तमुक डॉट कॉम’ असं काही दिसलं, तर तो पत्ता बँकेचा नाही, तमुकचा आहे. आडनाव शेवटी असतं तसंच हे.

सरकारी कामांनाही हीच रीत. सातबारा पाहण्यासाठी महाभूमीचं जे संकेतस्थळ आहे, त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा होतो. सातबारा काढून देतो म्हणून जास्तीचे पैसे मागणाऱ्या नकली पानांचा शेवट तसा नसतो. बँक, वीजबिल, रेल्वेचं आरक्षण, सातबारा, हवामान खातं, एवढी पाचसहा चित्रं पुरतात. माझ्या पानावर मराठी विश्वकोशही आहे. रिकामपणी बातम्यांच्या पट्टीऐवजी तो उघडावा, कुठलीही नोंद काढावी; निदान गुडघे दुखत नाहीत.

आता हे करायचं कसं? फायरफॉक्समध्ये सर्वांत सोपं. हवं ते संकेतस्थळ उघडा, तीन ठिपक्यांच्या यादीतून ते शॉर्टकटमध्ये घाला, की ते पहिल्या पानावर जाऊन बसतं. सेटिंगमध्ये होम पेजचा विभाग आहे. तिथे पैसे घेऊन लावलेले शॉर्टकट बंद करता येतात आणि ब्राउझर उघडल्यावर पहिलं पान यावं की मागच्या वेळचं, हेही ठरवता येतं. त्यात ‘चार तास वापर नसेल तर पहिलं पान’ असाही एक पर्याय आहे. चारच तास का, ते करणाऱ्याला ठाऊक, पण दुपारच्या झोपेनंतर नवी सुरुवात करायला बरा आहे. आयफोनवर 2021 च्या आयओएस 15 पासून सफारीचं पहिलं पान बदलता येतं. तळाशी ‘एडिट’चं बटण आहे, नको ते विभाग तिथे बंद करायचे, हवी ती संकेतस्थळं फेव्हरिट्समध्ये घालायची, मागे नातवंडाचा फोटोही लावता येतो. क्रोममध्ये चित्रं मुख्यतः आपल्या भेटींवरून ठरतात. नको असलेल्या चित्रावर बोट दाबून धरलं की ते काढता येतं. शिवाय अँड्रॉइडवरच्या क्रोमच्या सेटिंगमध्ये होमपेज म्हणून स्वतःचा पत्ता देता येतो. मग वरच्या घराच्या चिन्हावर बोट ठेवलं की थेट तिथे.

भेटींवरून चित्रं ठरतात, याची दुसरी बाजूही आहे. घरात फोन हातोहात फिरतो. पोरं खेळायला घेतात, पाहुणे क्रिकेटचा स्कोअर पाहायला घेतात. कुणी नोकरी बदलायच्या विचारात असतं, कुणी एखाद्या आजाराविषयी गुपचूप वाचत असतं, आणि पहिलं पान ते सगळ्यांना दाखवून मोकळं होतं. नवऱ्याला सांगायच्या आधी डॉक्टरांशी बोलू असं ठरवलेल्या बाईची गोष्ट त्या एका चित्रानं फुटू शकते. वारंवार भेट दिलेल्या संकेतस्थळांचा विभाग सफारीत पूर्ण बंद करता येतो. क्रोममध्ये असं वाचन खासगी टॅबमध्ये करावं, त्यातल्या भेटी चित्रांत येत नाहीत.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन लावून देणार असाल, तर त्यांच्या शेजारी बसूनच लावा. कुठलं चित्र कशाचं, ते त्यांच्याच बोटानं उघडून पाहू द्या. आणि ब्राउझरची नवी आवृत्ती आली की महिन्याभरानं एकदा डोकावा, बंद केलेली पट्टी कधी कधी पुन्हा उगवलेली असते.