मोटारीचे वजन आणि तिचे गुण : दोन इंग्लिश मोटारींची तुलना

मोटारगाडीच्या गुणांची चर्चा करताना सामान्यतः एंजिनाची शक्ती, कमाल वेग, इंधनाचा खर्च व आसनांची सोय यांचा विचार होतो. या सर्वांच्या मुळाशी असलेली एक राशी मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. ती राशी म्हणजे मोटारीचे वस्तुमान, म्हणजेच व्यवहारातील वजन. प्रस्तुत लेखात या राशीचे कार्य दोन प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचे योजिले आहे. त्यासाठी निवडलेल्या दोन्ही मोटारी इंग्लंडमधील असून जवळजवळ एकाच वेळी बाजारात आल्या. लोटस कंपनीची ‘एलान’ ही स्पोर्ट्स मोटार १९६२ साली, तर रोव्हर कंपनीची ‘२०००’ ही सलून मोटार १९६३ साली प्रसिद्ध झाली. देश, काळ आणि उपलब्ध तंत्रज्ञान समान असल्यामुळे त्यांच्यातील भेद हा मुख्यतः उद्दिष्टांचा भेद ठरतो, आणि म्हणूनच ही तुलना बोधप्रद आहे.

रोव्हर २००० ही वकील, डॉक्टर, कारखान्यातील वरिष्ठ अधिकारी अशा वर्गासाठी योजिलेली चार आसनांची मोटार होती. तिचे वजन सुमारे १२५० किलोग्रॅम, एंजिन १९७८ घनसेंटिमीटरचे आणि शक्ती सुमारे ९० अश्वशक्ती. पोलादी सांगाडा स्वतःच सर्व भार वाही. बाहेरचे पत्रे त्यावर केवळ बोल्टांनी बसविलेले असत. पुढील चाकांच्या स्प्रिंगा आडव्या ठेवून त्यांचा जोर एंजिन व प्रवासी यांमधील भक्कम भिंतीवर दिला होता. युरोपात १९६४ सालापासून दिला जाऊ लागलेला ‘वर्षातील मोटार’ हा मान सर्वप्रथम याच मोटारीस मिळाला.

एलानची घडण अगदी निराळी होती. पोलादी पत्र्याचा, पाठीच्या कण्यासारखा एकच मधला सांगाडा, त्यावर काचतंतूंनी दृढ केलेल्या प्लॅस्टिकचे कवच आणि आत दोनच आसने. हा कणा सुमारे ३४ किलोग्रॅम वजनाचा, म्हणजे एका माणसाने उचलावा इतका हलका होता. संपूर्ण मोटारीचे वजन आवृत्तीपरत्वे थोडेफार बदलत असले तरी ते सुमारे ६८० किलोग्रॅम धरता येईल. फोर्ड एंजिनाच्या ठोकळ्यावर दोन कॅमशाफ्टांचे नवे शीर्ष बसवून तयार केलेले १५५८ घनसेंटिमीटरचे एंजिन १०५ अश्वशक्ती देई.

आता दोन्ही मोटारींत प्रत्येकी ७५ किलोग्रॅम वजनाच्या दोन व्यक्ती बसल्या आहेत असे समजू. रोव्हरचे एकूण वस्तुमान १४०० आणि एलानचे ८३० किलोग्रॅम होईल. एलानच्या एंजिनाची शक्ती केवळ एकषष्ठांशाने अधिक आहे. परंतु दर टनामागे शक्तीचा हिशेब केला, तर रोव्हरला सुमारे ६४ आणि एलानला सुमारे १२६ अश्वशक्ती लाभते. ताशी ६० मैलांचा वेग गाठण्यास रोव्हरला १४ ते १५ सेकंद लागत व एलानला सुमारे ९, याचे कारण प्रामुख्याने हेच होय.

तथापि शक्ती वाढविणे आणि वजन घटविणे यांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. शक्ती वाढविली म्हणजे वेग लवकर वाढतो, परंतु थांबण्याच्या व वळण्याच्या क्रियेत तिचा काहीच उपयोग होत नाही. वजन घटविल्याचा लाभ मात्र या तिन्ही क्रियांना मिळतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या रोव्हरची गतिज ऊर्जा सुमारे ५४० किलोज्यूल भरते, तर एलानची सुमारे ३२०. थांबताना ही सर्व ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने खर्ची पडावयाची असते. साहजिकच हलक्या मोटारीस लहान ब्रेक, अरुंद टायर व हलकी चाके पुरतात, आणि त्यामुळे तिचे वजन आणखी घटते. जड मोटारीत हेच चक्र उलट दिशेने फिरते.

मग रोव्हरच्या निर्मात्यांनी एवढे वजन का पत्करले? या प्रश्नाचे उत्तर आरामाच्या शास्त्रात सापडते. स्प्रिंगांच्या खाली राहणारा चाकाचा भाग दोन्ही मोटारींत ३० किलोग्रॅमचा आहे असे घटकाभर मानू. रोव्हरमध्ये प्रत्येक चाकावरील कायेचा वाटा त्याच्या नऊपटींहून अधिक, तर एलानमध्ये पाचपटींहूनही कमी भरतो. खड्ड्यातून उसळलेल्या चाकाचा धक्का जड कायेला कमी हलवितो. रोव्हरच्या अभियंत्यांनी मागील ब्रेक चाकांपासून काढून मोटारीच्या मध्यभागी आणले, त्याचा एक हेतू हे प्रमाण अधिक अनुकूल करणे हाच होता. आवाजाच्या बाबतीतही असाच नियम आढळतो. भिंतीचे दर चौरस फुटामागील वजन दुप्पट केले असता तिच्यातून पार होणारा ध्वनी स्थूलमानाने ६ डेसिबेलने उतरतो. शांतता ही अशा रीतीने बव्हंशी वजनानेच विकत घ्यावी लागते.

येथे एक प्रचलित समज दूर करणे अवश्य आहे. स्पोर्ट्स मोटार म्हणजे कडक स्प्रिंगांची, हाडे खिळखिळी करणारी गाडी असे मानले जाते. एलानच्या स्प्रिंगा वस्तुतः मऊ होत्या आणि तिची चाके बरीच वरखाली होऊ शकत. सांगाडा पिळला जात असेल, तर स्प्रिंगा कडक करूनच चाकांना शिस्त लावावी लागते. एलानचा कणा पुरेसा ताठ असल्याने तशी गरज पडली नाही. अर्थात हलकेपणाचे मोलही तिला चुकवावे लागले. मागील चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यांत तिने रबरी जोड वापरले होते. ते झिजत आणि वेळोवेळी बदलावे लागत.

सर्वांत गंभीर मोल मात्र अपघाताच्या प्रसंगी उघड होते. या दोन मोटारी ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, अशी कल्पना करू. संवेग-अक्षय्यतेच्या नियमानुसार त्या दोन्ही रोव्हरच्या दिशेने ताशी सुमारे १३ किलोमीटर वेगाने सरकतील. याचा अर्थ, रोव्हरमधील माणसांच्या वेगात ताशी ३७, तर एलानमधील माणसांच्या वेगात ताशी ६३ किलोमीटरचा फरक क्षणार्धात पडेल. रोव्हरमध्ये गुडघ्यांना इजा होऊ नये अशा बेताने घडविलेले कप्पे होते, सांगाडाही मजबूत होता. तरीही या गणितात तिचे रक्षण प्रथम तिचे वजन करते, आणि ते करताना धक्क्याचा मोठा वाटा समोरच्याच्या माथी मारते. स्वतःच्या मोटारीचे वजन वाढवून सुरक्षितता मिळविणारा मनुष्य ती काही अंशी दुसऱ्याच्या खात्यातून उचलीत असतो.

एलानचे उत्पादन १९७३ मध्ये व रोव्हरच्या या मालिकेचे १९७७ मध्ये थांबले; परंतु त्यांनी उभा केलेला प्रश्न संपलेला नाही. विजेवर चालणाऱ्या आजच्या मोटारींत केवळ बॅटरीचेच वजन कित्येक शे किलोग्रॅम असते. ब्रेक लावताना ऊर्जेचा काही भाग परत मिळविण्याची सोय त्यांत आहे, त्यामुळे जडपणाचा इंधनखर्चावरील परिणाम सौम्य होतो. टक्करीतील संवेगाचा हिशेब मात्र त्या सोयीने बदलत नाही. रस्त्यावर पादचारी, सायकलस्वार व लहान वाहने असतात तोवर मोटारीचे वजन ही केवळ तिच्या मालकाची खाजगी बाब मानता येणार नाही. रोव्हरची शांतता व एलानची चपळता या दोन्ही गोष्टी स्पृहणीय आहेत. त्यांची तुलना करताना कोणत्या गुणासाठी किती वजन खर्च झाले आणि त्याचा भार कोणावर पडला, हे दोन प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावेत.